वाडीच्या पोरांच्या भजनी मंडळाचा इतिहास जुळवताना

भजनी मंडळाचा इतिहास म्हणून स्मरणिकेत जे छापून येतं, ती बहुतेक वेळा बुवांची यादी असते. पहिले बुवा अमुक, मग त्यांचे शिष्य तमुक, मध्ये एक ग्रुप फोटो आणि शेवटी देणगीदार. देवगड-मालवण पट्ट्यातल्या आमच्या वाडीच्या तरुण मंडळाचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा पहिल्याच बैठकीत ठरलं की कणा बुवांचा धरायचा नाही, कोरसचा धरायचा. बुवा पंचवीस-तीस वर्षं तोच असतो. त्याच्या मागे बसणारी पोरं मात्र चार-सहा वर्षांत बदलतात. पाचवी-सहावीत हातात झांज येते आणि बारावी झाली की मुंबई, पुणे नाहीतर गोवा. मागची फळी दर वेळी नव्याने भरली म्हणून मंडळ टिकलं. ज्या वर्षी ती भरली नाही, त्या वर्षी बुवा कितीही गुणी असला तरी सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, घेता आली नाही. म्हणजे इतिहास खरा मागच्या फळीचा आहे आणि नेमकी तिचीच नोंद कुठे नसते.

ही नोंद कशी जुळवली ते इथे तपशिलाने देत आहोत. दुसऱ्या वाड्यांनाही हे काम करता यावं, आणि शक्यतो लवकर करता यावं, अशी मनापासून इच्छा आहे. ज्यांच्याकडे वह्या आहेत ती माणसं ऐंशीच्या घरात गेली आहेत.

सुरुवात नावांपासून करायची, तारखांपासून नाही. म्हाताऱ्या माणसाला "हे कुठल्या साली?" असं विचारलं की तो बिचकतो, किंवा तोंडाला येईल तो आकडा सांगतो. त्याऐवजी बैठक विचारायची. कोकणातल्या भजनाची बैठक ठरलेली असते. मधोमध पेटी घेऊन बुवा, शेजारी पखवाजी, जवळ झांज, आणि मागे-बाजूला अर्धगोलात कोरस. पडवीत चटईवर चिंचोके मांडायचे: हा बुवा, हा पखवाज, आता याच्या उजव्या हाताला कोण? त्याच्या मागे? जागा दिसली की नाव येतं. चिंचोका उचलून "हो न्हय, हो हडे बसा" असं म्हणत माणसं आपणहून दुरुस्त्या करतात. एका पिढीचे दोन-तीन जण एकत्र बसवले तर नावं भराभर निघतात. मंडळ का फुटलं, पैशावरून काय झालं, पेटी कोणाच्या घरी राहिली, या गोष्टींसाठी मात्र एकेकट्याला गाठावं लागतं. समोर दुसरं माणूस असलं की भांडणाच्या वर्षाबद्दल कोणीच बोलत नाही.

नाव लिहिताना वडिलांचं नाव आणि घर लिहायलाच हवं. एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं असतात, त्यात एकाच नावाचे तिघे निघतात. मुलींच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लागतात, नाहीतर पुढे त्यांना शोधता येत नाही.

नावं जमली की साल लावायचं. यासाठी सर्वांना आठवणाऱ्या घटनांची एक पट्टी केली आणि ती मुलाखतीच्या वेळी समोर ठेवली. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून धास्ती होती तो जुलै १९७९. गिरणी संप सुरू झाला ती १८ जानेवारी १९८२. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं. गणपती दूध प्यायला तो २१ सप्टेंबर १९९५. कोकण रेल्वे मुंबईपासून सलग सुरू झाली ती जानेवारी १९९८. फयान वादळ नोव्हेंबर २००९, तौक्ते मे २०२१. "त्याच्या आधी की नंतर?" एवढाच प्रश्न विचारायचा. दोन खुणांच्या मध्ये घटना सापडली की निम्मं काम झालं.

यात एक धोका आहे. मोठ्या घटनेला आजूबाजूच्या लहान घटना चिकटतात. "गणपती दूद पिल्लो त्याच चतुर्थेक आमची पयली बारी" (बारी म्हणजे भजनाचा सामना) असं कोणी ठामपणे सांगितलं, तर साल १९९५ बरोबर असू शकतं, पण दूध प्यायल्याचा दिवस पितृपक्षातला आहे. त्या वर्षीची चतुर्थी ऑगस्टअखेर होऊन गेली होती. सांगणारा खोटं बोलत नसतो, दोन आठवणी एका खुंटीला टांगलेल्या असतात. अशा ठिकाणी साल घ्यायचं, दिवस सोडायचा.

वय आठवत असेल तर शाळेचा आधार घेता येतो. "मी सातवीत असताना पेटीवर बसलो" हे वाक्य सोन्यासारखं आहे, कारण शाळा सोडल्याचा दाखला त्या माणसाच्या घरात असतो. त्यातली शाळा सोडल्याची तारीख धरायची, जन्मतारीख नाही. जुन्या दाखल्यांत १ जून ही जन्मतारीख इतक्या जणांची आहे की ती गुरुजींनी सोयीने घातली हे उघड दिसतं.

आता कागद. तरुण मंडळाचे कागद म्हणजे वर्गणीची पावतीपुस्तकं, खर्चाची वही, पत्रिका-हँडबिलं आणि भजनाच्या वह्या. खर्चाची वही ही सर्वांत खरी साक्षीदार. तिच्यात कोणी मोठेपणा मिरवायला लिहिलेलं नसतं. एका पानावर ओळीने असं दिसतं: रॉकेल, गॅसबत्तीचे मँटल दोन, चहापूड, गूळ, टाळांच्या दोऱ्या, पखवाजाची पुडी. वाचता आलं तर या एका पानात बरंच आहे. गॅसबत्ती आहे, म्हणजे मांडवात वीज नव्हती. चहाला साखरेऐवजी गूळ आहे. पुडी, म्हणजे पखवाजाच्या तोंडावरचं कातडं, बदलली आहे, म्हणजे पखवाज त्या वर्षी भरपूर वाजला. चतुर्थी पावसाळ्यात येते, दमट हवेत कातडं सैल पडतं, पखवाजी ते चढवायला गठ्ठ्यांवर हातोडी मारत राहतो आणि हंगाम संपता संपता पुडी जाते. ज्या वर्षांत पुडीचा खर्च सापडतो, ती वर्षं मंडळ नक्की चालू होतं असं धरायला हरकत नाही. पुडीचा खर्च सलग काही वर्षं दिसत नसेल, तर तिथे थांबून विचारपूस करावी. मंडळ बंद होतं, किंवा पखवाज दुसऱ्या वाडीकडून मागून आणत होते.

सालाचा आकडा नसलेल्या कागदाचं साल असं काढता येतं. हिशेब रुपये-आण्यांत असेल तर तो १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, किंवा सवय न सुटलेल्या माणसाने लगेच नंतर लिहिलेला. 'न. पै.' (नये पैसे) असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचा. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'जि. सिंधुदुर्ग' असेल तर १ मे १९८१ नंतरचा. नवी खूण खालची मर्यादा पक्की देते, पण जुनी खूण वरची मर्यादा देत नाही. 'जि. रत्नागिरी' छापलेलं पावतीपुस्तक जिल्हा वेगळा झाल्यावरही संपेपर्यंत वापरलेलं असतं. तेव्हा नुसत्या 'रत्नागिरी'वरून कागद १९८१ च्या आधीचा ठरवू नये.

हँडबिलावर तिथी, वार आणि इंग्रजी तारीख असेल तर पंचांगावरून साल अचूक निघतं. 'गणेश चतुर्थी, रविवार दि. १९ सप्टेंबर' एवढंच असलेला कागद घ्या. तिथी आणि इंग्रजी तारीख साधारण १९ वर्षांनी पुन्हा जुळतात. १९ सप्टेंबरला चतुर्थी १९९३ साली होती, २०१२ लाही होती आणि मधल्या अधिक महिन्यांच्या हिशेबाने २०२३ लाही आली. पण २०१२ ला वार बुधवार, २०२३ ला मंगळवार. रविवार फक्त १९९३ ला. म्हणून कागदावरचा वार कधीही सोडू नये, फाटका असला तरी कोपरा जपावा. शके दिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवले की सन मिळतो. पौषापासून फाल्गुनापर्यंतचे कार्यक्रम बहुधा पुढच्या इंग्रजी वर्षात पडतात, तिथे एक वर्षाची चूक हमखास होते.

नोंदणीच्या तारखेला स्थापनेची तारीख समजणं ही सर्वत्र दिसणारी गफलत. धर्मादाय कार्यालयातलं प्रमाणपत्र हा पक्का कागद खरा, पण पोरं त्याच्या कितीतरी आधीपासून गात असतात. बँकेत खातं उघडायचं किंवा देणगी घ्यायची वेळ आली की मग मंडळ नोंदवलं जातं. आम्ही दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहिल्या: 'गायला सुरुवात' आणि 'नोंदणी'.

अर्धे कागद गावात नसतातच. ग्रामस्थ मंडळाचा मुंबईचा भाग लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांमधून चालायचा. वर्गणी तिथे जमायची, पेटी तिथून यायची, इतिवृत्ताची वही तिथल्या ट्रंकेत राहायची. गिरणगावातल्या चाळींत भजनाचे आखाडेच होते आणि गावच्या पोरांच्या पुष्कळ चाली तिथून आलेल्या आहेत. संपानंतर जे कायमचे गावी परतले, त्यांच्यासोबत तयार पखवाजी आणि पाठ असलेले गजर गावात आले. म्हणून १९८२ नंतरच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. एकदम नवी अक्षरं, नव्या चाली आणि लांबलचक गौळणी दिसू लागतात.

भजनाच्या वह्या वाचताना तीन गोष्टी पाहायच्या. पहिली मुद्रा. शेवटच्या चरणात 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' असेल तर संताच्या गाथेत तो अभंग ताडून पाहायचा. नसेल, किंवा मुद्रा गावातल्याच एखाद्या बुवाची असेल, तर ती स्थानिक रचना, आणि ती जपणं सर्वांत तातडीचं, कारण तिची दुसरी प्रत बहुधा नसते. दुसरी गोष्ट पट्टी, म्हणजे पेटीचा कोणता सूर सा धरून गायचं ते. पानाच्या कोपऱ्यात 'काळी ४' किंवा 'काळी ५' असं लिहिलेलं असतं. तिसरी चाल. अभंगाच्या डोक्यावर 'चाल:' लिहून चित्रपटातल्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. तो चित्रपट ज्या साली आला, त्याच्या आधी ते पान लिहिलं गेलेलं नाही. वहीची पहिली पानं एका दशकातली आणि शेवटची दुसऱ्या दशकातली असू शकतात, म्हणून साल पानागणिक लावायचं, वहीला एकच साल द्यायचं नाही.

पट्टीच्या नोंदीतून मंडळाबद्दल एक मोठी गोष्ट कळते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. आपल्याकडे बुवा चढ्या पट्टीत गातात. काळी चार ही लहान मुलांना आणि मुलींना सोयीची आहे आणि तयार बुवालाही झेपते. बारा ते पंधराच्या दरम्यान आवाज फुटलेल्या मुलाला मात्र ती झेपत नाही. तो एक तर खालच्या सप्तकात पुटपुटतो किंवा ओरडतो, मग हसू होतं आणि तो यायचा बंद होतो. आठवी-नववीच्या पुढे कोरसमधली मुलं गळतात त्याचं कारण अभ्यास असं सांगितलं जातं, पण पट्टी हेही तेवढंच मोठं कारण आहे. ज्या काळातल्या वह्यांत पट्टी काळी दोन-तीनपर्यंत उतरलेली दिसते, त्या काळात कोरसमधली नावं जास्त वर्षं टिकलेली दिसतात. आवाज फुटलेल्या मुलाला वर्ष-दीड वर्ष झांजेवर किंवा पखवाजाच्या जोडीला बसवणारे बुवा शहाणे होते. त्यांची मुलं पुन्हा कोरसमध्ये आली.

वह्या पावसाळ्यात उघडू नयेत. दमटपणाने पानं एकमेकांना चिकटतात आणि ओढली की शाई समोरच्या पानावर जाते. डिसेंबर ते मे हा काळ बरा. चिकटलेली पानं सावलीत, टीपकागदात ठेवून आपोआप सुटू द्यावीत, उन्हात कधीही नाही. फोटो पडवीच्या कडेला, दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय घ्यावेत. पेन्सिलीचं पुसट अक्षर बाजूने तिरपा उजेड पाडला की उठून दिसतं. पानाचे चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत, नाहीतर पान अर्धवट आहे की फोटो, ते नंतर कळत नाही. कोरी पानंही घ्यावीत. वही घरी परत देताना ज्याच्याकडून घेतली त्याच्याच हातात द्यावी.

कॅसेटी हा सर्वांत नाजूक भाग. माळ्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या कॅसेटींना समुद्राच्या हवेने बुरशी धरते. खिडकीतून पाहिलं की फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसतात. अशी कॅसेट डेकमध्ये घालायचीच नाही, बुरशी डेकमधून पुढच्या कॅसेटीला लागते. ती वेगळी ठेवून जाणकाराकडे द्यावी. बऱ्या कॅसेटीतही फितीमागचा छोटा फेल्टचा तुकडा निखळलेला असतो, मग आवाज मंद आणि बसका येतो. खोका स्क्रूचा असेल तर उघडून दुसऱ्या चांगल्या खोक्यात फीत हलवता येते. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे चिकटलेली गुंडाळी सुटते. दर कॅसेटीनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. उतरवून घेताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल ठेवावी. ९० मिनिटांची कॅसेट साधारण दीड जीबी होते. वाटायला एमपी३ करावी, पण मूळ वेव्ह पुसू नये.

कॅसेट वाजली की पट्टी चुकीची लागते. शेलच्या टेपरेकॉर्डरवर रात्रभर रेकॉर्डिंग केलेलं असेल, तर बॅटरी उतरत गेल्याने फीत हळू फिरलेली असते. आज नीट वेगाने वाजवली की सूर शेवटाकडे चढत जातो आणि गौळणीत बुवा बायकी आवाजात गातो. हे सुधारायचा सोपा उपाय पेटी हाच आहे. ती जुनी पेटी अजून असेल तर तिचा सा मोबाइलवरच्या ट्यूनरने मोजायचा. पेट्या नेमक्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेल्या असतातच असं नाही, म्हणून तीच पेटी हवी. रेकॉर्डिंगमधला सा त्याहून अर्ध्या स्वराने, म्हणजे काळी चारच्या जागी पांढरी सहा, असा चढा असेल तर वेग सुमारे सहा टक्के जास्त आहे. त्याच्या निम्मा चढा असेल तर तीन टक्के. एवढा कमी करायचा आणि सूर चढत गेला असेल तर दर पाच मिनिटांच्या तुकड्याला वेगळा हिशेब करायचा. मधल्या काळात पेटीचे सूर घासून पुन्हा लावले असतील तर हा मेळ बसत नाही. दुरुस्ती करणारे कारागीर कधी कधी आतल्या फळीवर पेन्सिलीने तारीख घालून ठेवतात, ती आधी पाहावी. रेकॉर्डिंगमध्ये विजेची घरघर असेल तर ५० हर्ट्झवरूनही वेग काढता येतो, पण जुन्या काळी विजेची वारंवारताच बरीच हलायची, म्हणून पेटीवर भरवसा जास्त.

अलीकडची वर्षं सोपी वाटतात, ती तशी नाहीत. २०२० च्या चतुर्थीला बैठका झाल्या नाहीत, पोरांनी घराघरांतून गाऊन मोबाइलवर पाठवलं. ते व्हिडिओ अनेकांच्या फोनसोबत गेले. जे उरलेत ते व्हॉट्सॲपमधून आल्याने आवाज दाबलेला आहे. फाइलच्या नावात तारीख दिसते, पण ती फाइल त्या फोनवर पोचल्याची तारीख, गायल्याची नव्हे. चाळीस वर्षांपूर्वीची बरी कॅसेट या व्हिडिओंपेक्षा चांगली ऐकू येते.

एक प्रकरण टाळू नये. मंडळ वाडीचं असतं आणि वाडी पुष्कळदा एका जातीची असते. कोण बैठकीत बसायचं, कोण मांडवाबाहेर उभं राहून ऐकायचं, दुसऱ्या वाडीतला पखवाजी पहिल्यांदा आत कधी बसला, मुली कोरसमध्ये कधी आल्या आणि त्यासाठी कोणी आग्रह धरला, हे विचारायला हवं आणि लिहायला हवं. आधी माणसं गप्प होतात, पण आदराने विचारलं तर सांगतात. ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांच्याकडेही जाऊन विचारावं. त्यांना सालं जास्त नेमकी आठवतात.

सगळं जमल्यावर दर वर्षाची एक ओळ केली आणि तिच्यापुढे पुराव्याची खूण घातली: कागद असेल तर 'क', एकमेकांना न विचारता दोघांनी तेच सांगितलं असेल तर 'दो', एकाच माणसाचा शब्द असेल तर 'ए'. 'ए'च्या ओळी गाळल्या नाहीत, पण खूण राहू दिली. छापण्याआधी हे कागद सप्ताहात देवळाच्या सभामंडपात लावले, शेजारी दोरीने पेन्सिल बांधली. पुन्हा चतुर्थीत लावले, कारण तेव्हा चाकरमानी येतात. सगळ्यांत जास्त दुरुस्त्या नावांच्या आणि बसण्याच्या जागांच्या आल्या. प्रती तीन ठिकाणी ठेवल्या: गावात, मुंबईच्या खोलीत आणि शाळेच्या कपाटात. पेनड्राइव्ह दर दोन वर्षांनी नव्यावर उतरवायचा हे मंडळाच्या कामांत लिहून ठेवलं आहे.

आणि चालू वर्षाची नोंद आता पोरंच करतात. दर बैठकीला नाव, वडिलांचं नाव, घर, इयत्ता, वाद्य आणि पट्टी असा तक्ता भरायचा. रेकॉर्डिंग सुरू करताना आधी तारीख, ठिकाण आणि बसलेल्या सगळ्यांची नावं मोठ्याने म्हणायची, मग पेटीचा सा दहा सेकंद धरायचा, आणि त्यानंतर नामाला सुरुवात करायची.